‘निघून जाईल’ म्हणण्याआधी

2019 च्या पोळ्याला संगमनेर तालुक्यातल्या एका गावात बैलाने पुरणपोळीबरोबर ताटातलं मंगळसूत्र गिळलं. घरच्यांनी आठवडाभर शेण चिवडलं, हाती काही लागलं नाही. शेवटी पशुवैद्याने पोट उघडून दागिना काढला आणि बैल वाचला. 2023 मध्ये वाशिम जिल्ह्यात एका म्हशीनेही असंच मंगळसूत्र खाल्लं. तिला साठाहून जास्त टाके पडले, पण तीही वाचली. दोन्ही बातम्या आपण चवीने वाचल्या. मला शंका आहे ती अशी, की असल्या बातम्यांतून कुत्री पाळणाऱ्या घरांनी नको तो धडा घेतला: जनावराने काही गिळलं की आधी मागून काय पडतं ते बघायचं आणि नाहीच पडलं तर मग डॉक्टर.

गुरांचं पोट निराळं असतं. त्यांच्या चार कप्प्यांपैकी जाळीपोटात जड वस्तू जाऊन बसते आणि टोकदार नसली तर बरेच दिवस निमूट पडून राहते. कुत्र्याला हा कप्पा नाही. एक जठर, त्याच्या शेवटाला अरुंद दार आणि पुढे लांबलचक आतडं, एवढाच कारभार. वस्तू जठरात आहे तोवर गोष्टी बऱ्याच सोप्या असतात. दार ओलांडून ती आतड्यात अडकली की आतड्याच्या भिंतीवर दाब येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो, भिंत काळी पडते, फाटते आणि घाण पोटात सांडते. हे व्हायला आठ दिवस लागत नाहीत. एक-दोन दिवसही पुरतात.

म्हणून विनंती एकच. कुत्र्याने नको ते गिळलेलं तुम्ही पाहिलं, किंवा गिळल्याची दाट शंका आली, तर त्याच मिनिटाला पशुवैद्याला फोन करा. तो कुत्रा खेळत असला, शेपटी हलवत असला, तरीही. गिळल्यानंतरचे साधारण पहिले दोन तास सगळ्यात स्वस्त असतात, पैशाने आणि जिवानेही. तेवढ्या वेळात वस्तू बहुधा जठरातच असते. डॉक्टर इंजेक्शन देऊन ती ओकायला लावू शकतात. मोजा, रुमाल, बेदाण्याचं पाकीट अशा गोष्टी पुष्कळदा तेवढ्यानेच बाहेर येतात आणि कुत्रा पायाने चालत घरी जातो. ते जमलं नाही आणि दुर्बिणीची सोय असेल, तर पोट न कापता तोंडातून वस्तू काढता येते. ही संधी दवडली की पुढे सोनोग्राफी, भूल, शस्त्रक्रिया, सलाईन आणि हजारांच्या पाढ्यातलं बिल. त्यात हे पुणं आहे. संध्याकाळी सहा वाजता हडपसरहून औंधला निघालात तर दोन तासांतला एक रस्त्यातच गेला असं धरून चाला.

आता घरगुती उपायांबद्दल, आणि इथे मी थोडं कडक बोलणार आहे. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा उपाय आपल्याकडे आजीपासून इंटरनेटपर्यंत सगळे सांगतात. तो करू नका. कुत्रा ओकला नाही तर ते मीठ रक्तात जातं, त्याने झटके येतात आणि कुत्री दगावतात. घशात बोटं घालू नका. एरंडेल पाजू नका, कारण पुढे वाट बंद असताना मागून ढकलणं म्हणजे आतडं फाडणं. उलट्या होत असतील तर माणसांची उलटी थांबवायची गोळी देऊ नका. अशा काही गोळ्या आतड्याला जोरात हलवतात, आणि ज्या हलवत नाहीत त्या नुसतं लक्षण झाकतात. पोट दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच नको, ती कुत्र्यासाठी स्वतंत्र विषं आहेत. आणि ‘केळं-भात दिला की गुंडाळून बाहेर येईल’ म्हणून काही भरवूही नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. काय भरवायचं, भरवायचं का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

काही वस्तू ओकायला लावणंच धोक्याचं असतं, म्हणून तर हा निर्णय घरी घ्यायचा नाही. सुई, ब्लेड, काचेचा तुकडा, कुल्फीची किंवा कबाबची टोकदार काडी वर येताना अन्ननलिका फाडते. फिनेल, ॲसिड, रॉकेल जाताना भाजतं तसं येतानाही भाजतं, नाहीतर फुप्फुसात उतरतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला आणि गुंगीत असलेल्या कोणत्याही कुत्र्याला ओकारी श्वासनलिकेत जायचा धोका जास्त. नाण्यासारखी दिसणारी गोल बॅटरी, म्हणजे रिमोटमधली, वजनकाट्यातली, मुलांच्या खेळण्यातली, ती सर्वांत वाईट. अन्ननलिकेत अडकली तर दोनेक तासांत तिथलं मांस जाळते. ती चावून फुटली असेल तर तोंडातही भाजल्याच्या खुणा दिसतात. बॅटरीसाठी फोन करता करताच गाडी काढा.

दोऱ्याचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण तो दिसायला सगळ्यात निरुपद्रवी. शिवणाची सुई दोऱ्यासकट, हाराचा दोरा, राखी, मटणाला बांधलेली सुतळी, गणपतीच्या सजावटीतली झिरमिळी, संक्रांतीला गॅलरीत येऊन पडलेला मांजा. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या दाराशी अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं. आतडं त्या दोऱ्यावर नाडी ओवलेल्या नेफ्यासारखं गोळा होतं आणि दोरा आतून करवतीसारखा चिरत जातो. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. कितीही सहज येईल असं वाटलं तरी हात लावू नका, आहे तसा दवाखान्यात घेऊन जा. मांजरांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी खरी.

पुण्यात कुत्र्यांच्या गिळण्याला ऋतू असतात. एप्रिल-मे मध्ये मार्केट यार्डात आंब्याच्या पेट्या उतरतात आणि घरोघरी कोयी. आमरसाच्या दिवशी कोय चोखून झाली की ‘घे रे’ म्हणून कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे रीतच आहे. लाडाने टाकलेली ती कोय मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या आतड्यासाठी बुचाच्या मापाची असते. ती पचत नाही. कधी आठवडेच्या आठवडे जठरात पडून राहते, कुत्रा अधूनमधून ओकतो, आपण म्हणतो उन्हाचा त्रास. मग एक दिवस ती दार ओलांडते. जून-जुलैत ओकणारा कुत्रा दिसला तर मे महिन्यात काय खाल्लं होतं हे आठवून बघा आणि डॉक्टरांनाही सांगा.

पाऊस सुरू झाला की पुणं सिंहगडावर आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला जातं. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस खाऊन झालं की उरलेला दांडा समोर बसलेल्या कुत्र्याकडे फेकला जातो, आणि ते कुत्रं बिचारं भुकेने तुकडे न करताच गिळतं. दाण्यांशिवायचं कणीस कुत्र्याच्या पोटात विरघळत नाही. एक्स-रेवर नीट दिसतही नाही. आतडं बंद करण्यात त्याचा हात धरणारी वस्तू कमी. गडावर कचऱ्याचा डबा जवळ नसेल तर दांडा पिशवीत घालून खाली आणा. घरच्या कुत्र्यालाही, गंमत म्हणून चघळायलाही, तो देऊ नका.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांचे पदार्थ. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले, मोदकाच्या सारणातले, चिवड्यातले बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना कायमचं निकामी करतात. किती खाल्ले की होतं याचा भरवशाचा हिशेब नाही, एखाद्याला मूठभर पचतात, दुसरा थोडक्यावर आजारी पडतो. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषतज्ज्ञांनी 2021 मध्ये द्राक्षांतल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेत हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळ आणि चिंचगुळाची आमटीही कुत्र्यापासून लांब. चॉकलेट, त्यातही काळं कडू, आणि ‘शुगर फ्री’ च्युइंगममधलं झायलिटॉल ही तर जगभर माहीत असलेली विषं. झायलिटॉलने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. या सगळ्यांत पोट बंद होत नसलं तरी घड्याळ तेच.

आणि रविवार. बाराही महिने. शिजवलेलं कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. हाडांचा भुगा मोठ्या आतड्यात सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि कुत्रा कुंथत राहतो. नळीच्या हाडाची कडी कित्येकदा खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अशी अडकते की गुंगी देऊन, हाड कापूनच काढावी लागते. ‘आमच्या गावाकडची कुत्री आयुष्यभर हाडं खातात’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. गावाकडच्या कुत्र्याचं आयुष्य किती असतं आणि तो कशाने गेला हे बघायला कोण जातं?

लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांशी दोन शब्द जास्त. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की ब्रिटनमधल्या साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्याची खाण्याची ओढ जास्त असते. म्हणजे तुमचा लॅब हावरट आहे तो तुमच्या संस्कारांमुळे असेलच असं नाही. पण त्याच्यासमोर मोजे न टाकणं तुमच्या हातात आहे. 2014 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एका दवाखान्यात ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याच्या पोटातून 43 मोजे निघाले, आणि वर एक अर्धा. तो वाचला, म्हणून ही हसायची गोष्ट झाली. पिल्लांचं निराळं. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या सळसळतात, आणि घरातली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. त्या दिवसांत जमीन रिकामी ठेवायची, दुसरा इलाज नाही. मोठा कुत्रा सतत माती, खडे, भिंतीचा चुना खात असेल तर त्याला ओरडून उपयोग नाही. जंत, रक्ताची कमतरता, पोटाचा जुना आजार यांची तपासणी करून घ्या, आणि त्याला दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये कंटाळायला ठेवता का हेही बघा.

कुत्र्याच्या तोंडात नको ती वस्तू दिसली की आपण ओरडत त्याच्यामागे धावतो. यासारखी चूक नाही. धावणारा माणूस म्हणजे वस्तू हिसकावून घेणारा, हे कुत्र्याला पक्कं ठाऊक असतं, आणि वस्तू लपवायची त्याच्याकडची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे पोट. जो मोजा तो नुसता चघळून टाकणार होता तो आपल्या धावण्यामुळे गिळला जातो. शांत उभे राहा, आवाज न चढवता फ्रीज उघडा, चीजचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवा आणि अदलाबदल करा. ‘सोड’ हा शब्द रोज खेळण्यावर शिकवा, संकटाच्या वेळी तो आपोआप येणार नाही.

वस्तू गिळताना कुणी पाहिली नसेल तर लक्षणं बघावी लागतात. वारंवार उलट्या, पाणी प्यायलं तरी ओकणं, आवडीच्या खाण्याकडे पाठ, लाळ गळणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवून उभं राहणं, कुंथणं, शी न होणं किंवा नुसतीच चिकट शेंब पडणं. एखादीच उलटी आणि बाकी सगळं ठीक असेल तर फोनवर विचारून थांबता येईल. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर सकाळची वाट बघू नका. आणि शी झाली म्हणजे वाट मोकळी असंही समजू नका, अडथळ्याच्या पुढचा माल दिवसभर येत राहतो.

श्वास अडकणं ही याहून तातडीची गोष्ट. गल्ली क्रिकेटचा रबरी चेंडू घशात बसतो, कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, जीभ निळी पडते. तोंड उघडून वस्तू दिसली आणि पकडता आली तरच काढा, चाचपडत बोट घातलंत तर ती आणखी आत जाते. छोटं कुत्रं असेल तर मागच्या पायांना धरून डोकं खाली करा. मोठं असेल तर मागून कवेत घेऊन बरगड्यांच्या खाली, आत आणि वर असे झटके द्या. हे करताना दुसऱ्या कुणीतरी गाडी काढलेली असावी.

दवाखान्यात गेलात की खरं बोला. हे लिहावं लागतं, कारण घरात कुणी ना कुणी काहीतरी लपवतो: मुलाने चेंडू आणलेला असतो, आजोबांनी बेदाणे दिलेले असतात. काय गिळलं, किती वाजता, किती मोठं, त्यातलं काही शिल्लक आहे का, एवढं सांगा. त्याच वस्तूचा जोडीदार, जसा दुसरा मोजा, तसलीच बॅटरी, फाटलेलं वेष्टन, सोबत न्या. उंदराच्या औषधाचं पाकीट तर न्याच. त्यातली काही औषधं तीन-चार दिवसांनी रक्तस्राव करतात, काही काही तासांतच जीव घेतात, आणि उतारा पाकिटावरचं नाव बघूनच ठरतो. कुत्र्याने सॅनिटरी पॅड खाल्लं असेल तर लाजू नका. डॉक्टरांना ते नवं नाही, पण त्यातला ओलावा शोषून फुगणारा पदार्थ पोटात काय करतो हे त्यांना वेळेत कळायला हवं. होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांनीही ऐकावं: कुत्र्याने गांजा किंवा भांग खाल्ली असेल तर स्पष्ट सांगा. पशुवैद्य म्हणजे पोलीस नव्हे. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं धरू नका. धातू, दगड, हाड दिसतं. कापड, प्लॅस्टिक, कोय सहसा नीट दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा पुन्हा काही तासांनी दुसरा एक्स-रे लागतो. डॉक्टर तो मागतात तेव्हा बिल वाढवायला मागतात असं समजू नका.

तुमच्या भागात रात्री दोन वाजता कोण डॉक्टर फोन उचलतात हे आजच विचारून ठेवा, नंबर फ्रीजवर चिकटवा. खासगी खर्च झेपत नसेल तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथल्या वेळा आधी माहीत करून घ्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र फोन करणारा कुणी नसतो. उरलेला भात, मटणाचा रस्सा पिशवीत भरून, गाठ मारून कोपऱ्यावर ठेवणं म्हणजे त्यांना प्लॅस्टिक भरवणं. राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, पण पिशव्या काही गेल्या नाहीत. अन्न द्यायचंच तर कागदावर किंवा पत्रावळीवर काढून द्या, हाडं वेगळी करा आणि नंतर तो कागद उचला. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा सुटा टाकू नका. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळं द्या. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या संस्थेने कचरावेचकांसाठी ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, तिचा फायदा कुत्र्यांनाही होतो, कारण वेगळा गेलेला कचरा कुणी फाडत बसत नाही. रस्त्यावरचं कुत्रं सतत ओकताना किंवा पोट फुगून पडलेलं दिसलं, तर रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे अशा संस्थांना नेमका पत्ता आणि फोटो पाठवा. त्यांचं माणूस येईपर्यंत कुत्र्यावर नजर ठेवा, हुसकावू नका.

एकदा गिळणारा कुत्रा पुन्हा गिळतो. टाके निघाल्यावर घरी आलात की तोच सोफा, तोच मोज्यांचा ढीग आणि तोच कुत्रा. झाकणाचा, पायाने उघडणारा पण नाकाने न उघडणारा कचऱ्याचा डबा घ्या. धुवायचे कपडे दाराआड ठेवा. टेकडीवर नेताना तो खाली पडलेलं सगळं उचलत असेल तर जाळीचं मुसकं घाला, दुकानात त्याला बास्केट मझल म्हणतात. आधी काही दिवस घरातच त्यात खाऊ ठेवून नाक घालायला शिकवा. त्यातून त्याला पाणी पिता आलं पाहिजे आणि तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी पट्टीने तोंड आवळून फिरवायला नेऊ नका, निदान उन्हाळ्यात तरी नाहीच, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो.